जुना की सर्व्हर बंद करताना: आधी टेपा मोजा, मग प्लग काढा

"नव्या की सर्व्हरवर सगळं हललं. जुना शनिवारी रात्री बंद करतो, एकदा नजर टाकाल का?" असा निरोप मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. की सर्व्हर म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या टेपा आणि डिस्क उघडणाऱ्या किल्ल्या सांभाळणारं यंत्र. पाठवणारे बहुतेक आपल्याकडचेच असतात. मेनफ्रेम (कंपनीचा मोठा मध्यवर्ती संगणक) मुंबईच्या बाजूला आणि माणूस वर्धा नाहीतर यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी, ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलेला. मीही त्यातलाच. निरोपाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्वांत जुनी टेप कोणत्या वर्षाची आहे, आणि ती तुम्ही नव्या सर्व्हरच्या किल्लीने वाचून पाहिली का? दहापैकी नऊ वेळा समोरून उत्तर येत नाही.

चूक तिथेच होते. आपण सर्व्हर बंद करतोय असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो एक किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि त्याची कुलपं शेकडो कार्ट्रिजांवर, म्हणजे टेपांवर, लागलेली असतात, त्यातली कित्येक तर दुसऱ्या गावच्या तिजोरीत. आमच्या बाबांच्या गोडाऊनला एक गंजका जुडगा आहे. त्यातल्या अर्ध्या किल्ल्या कशाच्या, ते त्यांनाही सांगता येत नाही. फेकायला काढला की एकच वाक्य ऐकू येतं: "कुलूप सापडल्याबिगर किल्ली फेकू नोको." हा लेख या एका वाक्याभोवतीच आहे.

खाली मी झेड ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम), ३५९२ किंवा एलटीओ टेप (टेपांचे दोन प्रकार), टीएस७७०० (आभासी टेपची पेटी) आणि डीएस८००० डिस्क (मेनफ्रेमची डिस्क साठवण) धरून चाललो आहे. जुना सर्व्हर म्हणजे टीकेएलएम किंवा एसकेएलएम, आणि नवा म्हणजे जीकेएलएम (तिन्ही आयबीएमची की सर्व्हर सॉफ्टवेअर) किंवा केएमआयपी (किल्ल्या मागण्या-देण्याची प्रमाण भाषा) बोलणारा दुसरा कुठला. नावं वेगळी असली तरी क्रम हाच राहतो.

## ०. सुरुवातीआधी

दोन माणसं ठरवा, एक स्टोरेजचा आणि एक सुरक्षेचा. किल्ली पुसण्याचं काम एकट्याने करायचं नाही, हा नियम लेखी असू द्या. महिनाअखेर, तिमाही आणि मार्चअखेरीच्या आसपास चेंज (चालू यंत्रणेत ठरवून केलेला बदल) घेऊ नका.

गावातून काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. मे-जूनच्या वादळी पावसात डीपी उडाली की लाईन कधी येईल ते लाईनमनही सांगत नाही. इन्व्हर्टर चार तास चालतो, चेंज सहा तासांचा असतो. म्हणून कामाचे दोन भाग करा. पाहणं, मोजणं, तपासणं घरून खुशाल करा. ज्या पायरीवरून मागे येता येत नाही ती मात्र डेटा सेंटरमध्ये माणूस उभा असल्याशिवाय सुरू करू नका. फायबर तुटलं तर वापरायची दुसऱ्या कंपनीची सिम आधीच व्हीपीएनवर चालवून पाहा. माझ्या घरी एका कंपनीची रेंज फक्त गच्चीवर येते, आणि ते मला चेंजच्या रात्रीच कळलं.

## १. किल्ली कोण कोण मागतं, त्याची यादी

मागणाऱ्यांच्या वाटा दोन. एका वाटेत ड्राइव्हची मागणी कंट्रोल युनिटमार्गे फायकॉनवरून (मेनफ्रेमची फायबर जोडणी) झेड ओएसकडे येते आणि तिथून टीसीपी-आयपीने की सर्व्हरकडे जाते. दुसऱ्या वाटेत टेप लायब्ररी किंवा टीएस७७०० थेट नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलते, झेड ओएसला पत्ताही नसतो. बरेच जण पहिलीच वाट तपासून यादी पुरी झाली म्हणतात.

पहिल्या वाटेसाठी प्रत्येक एलपारवर (मेनफ्रेमचा स्वतंत्र चालणारा हिस्सा) डिस्प्ले आयओएस कमांड ईकेएम पर्यायासह चालवा. प्राथमिक आणि दुय्यम सर्व्हरचे पत्ते दिसतील. त्यालाच व्हेरिफाय ऑल जोडलं की जोडणी जिवंत आहे का तेही कळतं. मग पार्मलिबमधला (सिस्टिमच्या सेटिंग्जची लायब्ररी) आयईसीआयओएस मेंबर उघडून तिथले पत्ते याच्याशी जुळवा. दोन्ही जुळत नसतील तर कुणीतरी चालू सिस्टिमवर बदल करून मेंबरमध्ये लिहायचं विसरलंय, म्हणजे पुढच्या आयपीएलला (सिस्टिम पुन्हा सुरू होताना) जुना पत्ता परत येणार.

दुसऱ्या वाटेसाठी प्रत्येक लायब्ररीचं वेब पान, टीएस७७००चं मॅनेजमेंट इंटरफेस आणि डीएस८०००मधली की मॅनेजरची यादी पाहा. टीएस७७००च्या डिस्क कॅशची किल्ली बाहेरून येत असेल तर ती वेगळी ओळ म्हणून लिहा. ती फिजिकल टेपच्या किल्लीसोबत आपोआप हलत नाही.

मग जुन्या की सर्व्हरचा ऑडिट लॉग घ्या, शक्यतो तेरा महिन्यांचा. वर्षातून एकदाच वाचल्या जाणाऱ्या टेपा बारा महिन्यांच्या लॉगमधून निसटतात.

तपासा: डीआर साइटचे (आपत्तीत काम चालवायची पर्यायी जागा) एलपार यादीत आले का? तिथला आयईसीआयओएस मेंबर बहुतेक वेळा वेगळा असतो आणि तो वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो.

गफलत करू नका: आयसीएसएफच्या (झेड ओएसची क्रिप्टो सेवा) सीकेडीएस आणि पीकेडीएस या फाइलींमधल्या किल्ल्या, झेड ओएसचं डेटा सेट एन्क्रिप्शन, क्रिप्टो एक्सप्रेस कार्डातल्या मास्टर की (बाकी किल्ल्या गुंडाळणाऱ्या मुख्य किल्ल्या), हे वेगळं घर आहे. पण जुना की सर्व्हर झेड ओएसवरच चालत असेल आणि त्याच्या किल्ल्या आयसीएसएफमध्ये असतील तर ही दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. ती भिंत तिसऱ्या पायरीत येते.

## २. कुलपांची मोजणी

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. बाकी चुका दुरुस्त होतात, इथली होत नाही.

३५९२ आणि एलटीओ यांचं वागणं वेगळं आहे. ३५९२मध्ये डेटा एईएस-२५६ किल्लीने बंद होतो. ती डेटा किल्ली आरएसएच्या (सार्वजनिक आणि खासगी किल्लीची जोडी, सर्व्हरवर ती सर्टिफिकेट म्हणून दिसते) सार्वजनिक किल्लीत गुंडाळून कार्ट्रिजवरच ठेवली जाते. वाचायला त्या जोडीतली खासगी किल्ली लागते आणि ती सर्व्हरवर असते. एलटीओमध्ये डेटा किल्ली टेपवर नसतेच, नुसती तिची ओळख असते. किल्ली सर्व्हरकडे, म्हणून एलटीओला सर्व्हरवर शेकडो किल्ल्या असू शकतात आणि ३५९२ला मोजक्याच. "आमच्याकडे फक्त चार सर्टिफिकेट आहेत" असं म्हणून एलटीओवाली मोजणी उरकणारे मी पाहिलेत.

टेप व्यवस्थापनाच्या कॅटलॉगमधून प्रत्येक एन्क्रिप्टेड व्हॉल्यूमचा (म्हणजे टेपचा) की लेबल (किल्लीचं नाव), लिहिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख काढा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२८नुसार हिशोबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणजे मुदत न संपलेली टेप सहज सात-आठ वर्षं जुनी निघते, आणि तेव्हापासून सर्टिफिकेट दोन-तीनदा बदललेलं असतं. कायदा विभागाने थांबवून ठेवलेल्या टेपांना तर मुदतच नसते. त्या वेगळ्या विचारा.

आता ते बारकं पण जीवघेणं प्रकरण. ३५९२च्या प्रत्येक की लेबलसोबत डेटा क्लासमध्ये (टेप कशी लिहायची ते ठरवणारी सेटिंग्ज) एक संकेत असतो, एल किंवा एच. एल असेल तर टेपवर लेबलचं नाव जसंच्या तसं लिहिलं जातं. एच असेल तर सार्वजनिक किल्लीचा हॅश (किल्लीवरून काढलेला छोटा ठसा) लिहिला जातो. नव्या सर्व्हरवर किल्ली आणताना कुणी नाव बदललं, उदाहरणार्थ शेवटी "जुनी" जोडलं, तर एचवाल्या टेपा हॅशने किल्ली शोधून काढतात. एलवाल्या टेपा मात्र जुन्या नावाने हाक मारत राहतात आणि उत्तर येत नाही. किल्ली समोर असते, पण सापडत नाही. म्हणून नावं बदलू नका. नीटनेटकेपणाचा मोह टेपा संपेपर्यंत आवरा.

तपासा: तक्त्यात तीन रकाने भरलेच पाहिजेत: की लेबल, त्यावरच्या टेपांची संख्या, त्यातली सर्वांत उशिरा मुदत संपणारी टेप. एखाद्या लेबलसमोर शून्य टेपा आल्या तरी ते लेबल खोडू नका. तिजोरीत पाठवलेल्या किंवा ऑडिटरकडे, दुसऱ्या कंपनीकडे दिलेल्या टेपा कॅटलॉगमधून गेलेल्या असू शकतात.

## ३. बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

जुन्या सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घ्या. या बॅकअपला पासवर्ड असतो. तो विसरला तर बॅकअप म्हणजे वीट.

माझ्या एका जुन्या नोकरीत हेच झालं. सर्व्हर काढून सहा महिने झाले होते. ऑडिटने सात वर्षांपूर्वीची टेप मागितली आणि तिची किल्ली नव्या सर्व्हरवर नव्हती. बॅकअप होता, पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या डायरीत होता. तो गृहस्थ भला, डायरी जपून ठेवली होती. नुसत्या त्या भलेपणावर आम्ही वाचलो.

बॅकअप वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर उघडा. तो साधारण त्याच आवृत्तीत किंवा उत्पादकाने दिलेल्या स्थलांतराच्या मार्गानेच उघडतो, म्हणून जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलरही सोबत जपा. उघडल्यावर किल्ल्यांची संख्या दुसऱ्या पायरीच्या तक्त्याशी जुळवा.

आणि ती भिंत. किल्ल्या आयसीएसएफमध्ये किंवा एचएसएममध्ये (किल्ल्या जपणारं वेगळं हार्डवेअर) असतील तर बॅकअप फाइलमध्ये खरी किल्ली नसते, मास्टर कीखाली गुंडाळलेली असते. दुसऱ्या मशीनवर ती मास्टर की नसेल तर फाइलचा उपयोग शून्य. अशा किल्ल्या साध्या फाइलमध्ये निर्यात करता येत नाहीत म्हणून रडू नका, त्या तशाच बनवलेल्या आहेत. नव्या सर्व्हरला तीच मास्टर की असलेलं हार्डवेअर द्या, किंवा पुढच्या पायरीतला री-कीचा (जुनी टेप नव्या किल्लीखाली आणण्याचा) रस्ता धरा.

इशारा: हा बॅकअप याच सर्व्हरच्या किल्लीने बंद होणाऱ्या टेपवर किंवा डिस्कवर ठेवू नका. कोठाराची किल्ली कोठारात ठेवून बाहेरून कुलूप ओढल्यासारखं होतं. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण रात्रीचा ठरलेला बॅकअप जॉब हे गुपचूप करत असतो. तो जॉब कुठे लिहितो ते स्वतः पाहा.

## ४. किल्ल्या हलवणं

नेहमीची चूक: फक्त सक्रिय किल्ल्या हलवल्या जातात. मुदत संपलेलं सर्टिफिकेट आणि निष्क्रिय केलेली किल्ली नवीन लिहायला चालत नाही, पण जुनं वाचायला तीच लागते. केएमआयपीच्या अवस्थांमध्येही निष्क्रिय वेगळी आणि नष्ट वेगळी. नष्ट सोडून सगळं हलवा.

हलवल्यावर तीन गोष्टी जुळवा: नाव, फिंगरप्रिंट (किल्लीचा ठसा), अवस्था. संख्या जुळली म्हणून थांबू नका.

३५९२ची जी किल्ली हलवताच येत नाही तिच्यासाठी आयईएचआयएनआयटीटी युटिलिटीचं रीकी विधान आहे. ते टेपवरचा डेटा पुन्हा लिहीत नाही. नुसती गुंडाळलेली डेटा किल्ली उघडून नव्या लेबलखाली गुंडाळते, म्हणून त्याला टेप पूर्ण कॉपी करण्याइतका वेळ लागत नाही. पण प्रत्येक टेप ड्राइव्हवर चढवावी लागते आणि त्या वेळी जुनी किल्ली जिवंत लागते. एलटीओला ही सोय नाही. तिथे किल्ली हलली नाही तर डेटा नव्या टेपवर कॉपी करा.

## ५. जोडणी बदलणं

क्रम असा: नवा प्राथमिक, जुना दुय्यम. आठवडाभर शांतता असेल तर प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही नवे. एकाच रात्री दोन्ही उड्या मारू नका.

टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) सर्टिफिकेटं दोन्ही बाजूंना चढवा. केएमआयपीचं नेहमीचं पोर्ट ५६९६, जुन्या पद्धतीच्या आयबीएम टेप जोडणीचं ३८०१. फायरवॉलवाल्यांना दोन्ही सांगा आणि डीआरच्या पत्त्यांसकट सांगा.

झेड ओएसवर सेटआयओएस कमांडने बदल लगेच लागू होतो, पण तो आयपीएलला पुसला जातो. मेंबर त्याच रात्री बदला, "सकाळी करू" नको.

तपासताना आधीच चढवलेली टेप वापरू नका. ड्राइव्हला किल्ली चढवताना मिळालेली असते. टेप उतरून पुन्हा चढेपर्यंत नवा सर्व्हर मुका असला तरी कळणार नाही.

डीएस८०००ची गोष्ट याहून फसवी. त्याला किल्ली चालू होताना लागते. चालू पेटीत सगळं सुरळीत दिसतं आणि खरी परीक्षा वीज जाऊन आल्यावर होते. त्यात दोन्ही नवे की सर्व्हर त्याच डीएस८०००च्या डिस्कवर व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवलेले असतील तर पेटी किल्ली मागेल, किल्ली पेटीत असेल, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतील. म्हणून निदान एक की सर्व्हर स्वतःच्या साध्या डिस्कवर, या साठवणुकीवर अजिबात न विसंबणारा हवा. जुना सर्व्हर नेमका तोच असेल, म्हणजे रॅकमधला एकटा, धूळ खाणारा, "हा काढलाच पाहिजे" असं सगळे म्हणतात तो, तर त्याच्या जागी तसाच दुसरा उभा केल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तपासा: डीएस८०००ला रिकव्हरी की ठेवली असेल तर ती आताच पडताळून घ्या. तिचं काम दोन वेगळ्या भूमिकांच्या माणसांमधून होतं. त्यातला एक जण कंपनी सोडून गेला आहे का, ते आज कळलेलं बरं.

## ६. जुनी टेप वाचणं

जुना सर्व्हर बंद करू नका, फायरवॉलने त्याचं तोंड बंद करा. मग दुसऱ्या पायरीच्या तक्त्यातल्या प्रत्येक लेबलची किमान एक टेप घ्या. निवडीत हे सगळं यायला हवं: सर्वांत जुनी, एलवाली, एचवाली, बाहेरच्या तिजोरीतून मागवलेली, आणि डीआरच्या ड्राइव्हवर वाचलेली.

नुसता लेबल वाचून "चढली" म्हणू नका. आयईबीजेनर या कॉपी करणाऱ्या युटिलिटीने पूर्ण फाइल डमीवर (जिथे काहीच साठत नाही) वाहा. जॉब रिटर्न कोड शून्याने संपला आणि नव्या सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये त्याच व्हॉल्यूमची नोंद दिसली तरच खूण करा. नोंद नसेल तर किल्ली दुसरीकडून आली. कुठून, ते शोधा.

## ७. मुका काळ

सर्व्हर चालू, नेटवर्क बंद. एक तिमाहीअखेर, एक मार्चअखेर आणि एक डीआर सराव या काळात येऊन गेला पाहिजे. व्यवस्थापक "दोन आठवडे पुरेत" म्हणतात. त्यांना पहिल्या पायरीतली वार्षिक वाचनाची ओळ दाखवा.

वीज बंद करून ठेवणं वेगळं आणि मुकं ठेवणं वेगळं. आठ महिने बंद असलेली जुनी पेटी गरजेच्या रात्री उठत नाही.

फायरवॉलचा नकार लॉग दर आठवड्याला वाचा. जो अजूनही जुन्या पत्त्याचं दार ठोठावतोय तो यादीतून सुटलेला आहे. माझ्या अनुभवात तो बहुतेकदा डीआरचा एलपार असतो, नाहीतर चाचणीची लायब्ररी.

## ८. काढणं

इथून मागे फिरता येत नाही. क्रम पाळा.

1. जुन्या-नव्यातली प्रतिकृती जोडणी तोडा. तुटली हे दोन्ही बाजूंनी पाहा.
2. शेवटचा बॅकअप घ्या, उघडून पाहा, सीलबंद करा. पासवर्ड वेगळ्या लिफाफ्यात, वेगळ्या इमारतीत.
3. लॉग बाहेर काढा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्या ऑडिटची मुदत जास्त असेल तर तेवढे.
4. जुन्यावर जारी झालेली सर्टिफिकेटं रद्द करा. सर्व्हिस खाती, शेड्युलरमधले जॉब, मॉनिटरिंग, डीएनएस, फायरवॉलचे नियम काढा.
5. मग वीज बंद.

इशारा: पहिलं पाऊल न टाकता जुन्या सर्व्हरच्या पडद्यावरून किल्ल्या डिलीट करू नका. प्रतिकृती चालू असेल तर ते डिलीट प्रामाणिकपणे नव्यावरही पोचतं. खरं तर जुन्यावरून किल्ल्या एकेक डिलीट करायची गरजच नाही, डिस्क पुसली की झालं. "स्वच्छ करून देतो" म्हणणाऱ्या उत्साही माणसाला या रात्री सुट्टी द्या.

## ९. डिस्क आणि भंगार

एनआयएसटी ८००-८८ ही अमेरिकी मार्गदर्शिका पुसण्याचे तीन स्तर सांगते: क्लिअर (साधं पुसणं), पर्ज (प्रयोगशाळेतही परत निघू नये असं पुसणं), डिस्ट्रॉय (नष्ट करणं). की सर्व्हरच्या डिस्कला पहिला पुरत नाही. एसएसडीवर शून्य लिहून भागत नाही, कारण जुने ब्लॉक मागे राहतात. उत्पादकाची सॅनिटाइझ कमांड वापरा किंवा सरळ तुकडे करा. आपण डिस्क पुसतो आणि व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट, स्टोरेजवरच्या कॉपी आणि त्या सर्व्हरचे रात्रीचे बॅकअप विसरतो. तेही यादीत घ्या.

पेटी ई-कचरा नियम २०२२खाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणवाल्याकडेच जाईल आणि प्रमाणपत्रावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर येईल, हे पाहा. "एकूण वजन ४० किलो" असं प्रमाणपत्र घेऊ नका. तालुक्याच्या आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगात मी हार्ड डिस्क पाहिल्या आहेत. त्या कुणाच्या होत्या, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

## १०. कागद

रजिस्टरमध्ये प्रत्येक जुन्या लेबलसमोर लिहा: आता कोणत्या सर्व्हरवर आहे, बॅकअपचा लिफाफा कुठे आहे, पासवर्डचा कुठे, दोन जबाबदार माणसं कोण. माणूस बदलला की ती ओळ बदला.

सर्वांत उशिरा मुदत संपणाऱ्या टेपची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका, तुमच्या एकट्याच्या नाही. त्या दिवशी टेप स्क्रॅच (पुन्हा लिहायला मोकळी) झाली का ते पाहायचं, कायदा विभागाला विचारायचं, आणि मगच दोघांनी मिळून लिफाफे फोडून ती किल्ली नष्ट करायची.